चुकीचे वाक्य, पाच पर्याय

मुद्दाम अशुद्ध वाक्य देऊन ते विद्यार्थ्याकडून दुरुस्त करून घेण्याची पद्धत इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात रुजली. न्यूकॅसलच्या शिक्षिका अ‍ॅन फिशर यांनी आपल्या व्याकरणात सरावासाठी वाईट इंग्रजीचे नमुने दिले होते. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ यांनी तर मिल्टन आणि स्विफ्ट यांच्याच चुका तळटिपांत मांडल्या. या पद्धतीला शालेय शिस्त लावली ती लिंडली मरी यांनी. मूळचे अमेरिकेतील वकील असलेले मरी यॉर्कजवळ स्थायिक झाले होते. तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्यांनी १७९५ मध्ये व्याकरण लिहिले. १७९७ मध्ये अशुद्ध वाक्यांचे स्वाध्याय आणि त्यांची उत्तरे अशी दोन स्वतंत्र पुस्तके निघाली.

मरींच्या विद्यार्थिनींना शुद्ध वाक्य स्वतः लिहावे लागे. विसाव्या शतकातील अमेरिकेत हे लिहिणेच मागे पडले. महाविद्यालयीन प्रवेशाची ‘सॅट’ १९२६ मध्ये सुरू झाली. पेन्सिलीच्या खुणेतून वाहणारी वीज ओळखून गुण मोजणारे आयबीएमचे यंत्र १९३८ मध्ये बाजारात आले. युद्धकाळात, १९४२ मध्ये, सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने जुनी निबंधवजा प्रवेश परीक्षा बंद केली. निबंध तपासणाऱ्या दोन परीक्षकांचे गुण क्वचितच जुळत. यंत्राला मतभेद नव्हते. वाक्यदुरुस्तीचा प्रश्न फोफावला तो या सोयीमुळे, भाषाशिक्षणाच्या कळकळीमुळे नव्हे.

या प्रश्नाचे सर्वांत घोटीव रूप व्यवस्थापन शिक्षणाच्या ‘जीमॅट’ परीक्षेत दिसले. वाक्याचा काही भाग अधोरेखित असे आणि खाली पाच पर्याय. पहिला पर्याय म्हणजे मूळ मजकूरच. व्याकरणाइतकेच तर्कालाही महत्त्व होते. ‘मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त आहे’ हे मराठीत कोणाला खटकत नाही. जीमॅटच्या इंग्रजीत मात्र ती चूक, कारण लोकसंख्येची तुलना शहराशी झाली. ‘घराबाहेर पडताना पाऊस सुरू झाला’ यातही मराठी कान बाहेर पडणारा माणूस गृहीत धरतो. इंग्रजीतील तशाच रचनेत बाहेर पडणारा पाऊस ठरतो आणि पर्याय बाद होतो. पुण्यामुंबईच्या क्लासमधून तयारी करणाऱ्यांना कर्ता-क्रियापदाच्या मेळापेक्षा अशा जागा अवघड जाव्यात, यात नवल नाही.

नियम इतके काटेकोर मानले, की ते नक्की कोणाचे, हा वादही अटळ होतो. सॅटची पूर्वपरीक्षा असलेल्या ‘पीएसॅट’मध्ये ऑक्टोबर २००२ मध्ये लेखिका टोनी मॉरिसन यांच्या प्रतिभेविषयी एक वाक्य होते. उत्तरसूचीनुसार ते निर्दोष होते. मेरीलँडमधील एका शिक्षकाने हरकत घेतली: सर्वनामाचा संबंध नामाशी हवा, तिथे तर ‘मॉरिसन यांची’ असे षष्ठीचे रूप होते. हा नियम अनेक जाणकारांना मान्य नव्हता, उत्तम लेखक तो सर्रास मोडतात. तरीही काही व्याकरण-पुस्तकांत तो होता, आणि तेवढे पुरेसे ठरले. २००३ मध्ये तो प्रश्न रद्द करून लाखो विद्यार्थ्यांचे गुण पुन्हा मोजावे लागले.

वाक्यदुरुस्तीचे प्रश्न सॅटमध्ये आजही आहेत. आता ते छोट्या उताऱ्याच्या संदर्भात येतात. जीमॅटने मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या नव्या आवृत्तीतून हा प्रकार पूर्णपणे वगळला.