खिम्याची करंजी : एका पदार्थाची कुळकथा

दापोलीला आम्ही नोकरीच्या निमित्ताने आलो. मूळ घर वसईचे. त्यामुळे नाताळच्या आठवड्यात करंज्या करण्याची घरची रीत इकडेही चालू राहिली. खोबऱ्याच्या सारणाच्या गोड करंज्यांचा एक डबा, आणि खिमा व चीज भरलेल्या करंज्यांची एक परात. डबा शेजारी जाई. परात घरच्यांसाठी आणि मध्यरात्रीच्या मिस्सानंतर येणाऱ्या पाहुण्यांसाठी राखलेली असे. एका वर्षी शेजारच्या आजी डबा परत करावयास आल्या. रिकामा डबा देऊ नये म्हणून त्यात मूठभर आमसुले घातली होती. ओट्यावरची परात पाहून त्यांनी सहज विचारले, "करंजी तर आमचीच दिसते, मग हिच्यात मांस कुठून आले हो?"

आमच्या धाकट्या मुलाने तत्काळ उत्तर दिले, "पोर्तुगीजांकडून."

आजी हसल्या आणि गेल्या. आम्हांला मात्र ते उत्तर बोचले. मुलाचा दोष नव्हता. आम्हीही आजवर तेच म्हणत आलो होतो. आपल्या घरात जे काही शेजाऱ्याच्या घरापेक्षा वेगळे आढळते, ते सारे पोर्तुगीजांच्या खात्यावर मांडून मोकळे होण्याची आपणां कॅथलिकांना सवय जडली आहे. कधी ती ऐटीने मांडली जाते, कधी ओशाळेपणाने. त्या दिवसापासून या करंजीची कुळकथा तपासून पाहावी असे आम्ही मनाशी ठरविले.

ही तपासणी दापोली तालुक्यातूनच सुरू करता येते, कारण दाभोळ याच तालुक्यात आहे. वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेले हे बंदर बहमनी व पुढे विजापूरच्या अमलात अरबस्तान आणि इराणशी व्यापार करीत असे. घोडे उतरत, कापड व मसाले चढत. व्यापाऱ्यांबरोबर त्यांच्या खाण्यापिण्याच्या रीतीही किनाऱ्यावर येतात. मांस भरून तळलेली घडी ही त्या मुलखाची जुनी ओळख. इब्न बतूता १३३३ साली हिंदुस्थानात आला. मुहम्मद तुघलकाच्या पंगतीतील 'संबूसक' त्याने नोंदविला आहे : बारीक चिरलेले मांस, बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाला पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेला. पुढे १५०० च्या सुमारास माळव्याच्या सुलतानांसाठी मांडू येथे सिद्ध झालेल्या 'निमतनामा' या पाकग्रंथात तर सामोशाचे अनेक प्रकार आले आहेत, आणि त्यांत मांसाचे सामोसेही आहेत. आजही कोकणी मुसलमानांच्या घरी रमजानात खिम्याचे सामोसे होतात. म्हणजे पिठाच्या घडीत मांस घालण्याची कल्पना या देशात पोर्तुगीजांच्या आधी पोहोचली होती.

पोर्तुगीज दाभोळला आले ते पाहुणे म्हणून नव्हे. चौलच्या लढाईत आपला मुलगा मारला गेला, त्याचा राग मनात धरून दीवकडे निघालेल्या फ्रांसिस्कु द आल्मेदाने डिसेंबर १५०८ च्या अखेरीस हे बंदर लुटले आणि जाळले. गोवा १५१० साली त्यांच्या हाती गेला, वसई १५३४ च्या तहाने मिळाली. त्यांच्या स्वयंपाकात मांस भरलेली पेस्ट्री होती, याविषयी शंका नाही. राजकन्या मारिया हिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, नेपल्सच्या ग्रंथालयात असलेल्या सोळाव्या शतकातील पोर्तुगीज हस्तलिखितात तशा कृती आहेत. मांसाचे सारण पिठाच्या कवचात घालून भट्टीत भाजावयाचे, त्या पदार्थाचे नाव 'एंपादा'. गोव्यात तिची छोटी बहीण 'एंपादिन्या' अजूनही सणासमारंभाला होते.

परंतु सत्ता नुसते पदार्थ आणीत नाही; ती चुलीवरही लक्ष ठेवते. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक फर्मान काढले. नवख्रिस्ती प्रजेने कोणत्या देशी चालीरीती सोडाव्यात याची त्यात लांबलचक यादी आहे. अ. का. प्रियोळकरांनी आपल्या १९६१ सालच्या ग्रंथात या साऱ्या कारभाराचा साधार वृत्तान्त दिला आहे. त्या यादीत एक कलम असे आहे की, हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये. वाचकहो, भाताच्या भांड्यात मीठ आधी पडते की नंतर, याची चौकशी करणारी सत्ता! श्रद्धेची परीक्षा मिठावरून घेतली गेली, ही गोष्ट आपल्या इतिहासातील वेदनेची आहे आणि ती आपणच प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ते न्यायपीठ १८१२ साली कायमचे बंद झाले.

आता चमत्कार पाहा. इतका पहारा असूनही करंजी गेली नाही. गोव्यात ती 'नेवरी' म्हणून चतुर्थीला हिंदूंच्या घरी होते आणि नाताळला ख्रिस्ती घरी होते. वसईत आमच्या घरी ती करंजीच राहिली. धर्म बदलला, सणाचा दिवस बदलला. आयांच्या बोटांतील मुरड मात्र तीच राहिली. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले, तेव्हा तारणाची कथा त्यांनी या भूमीच्या ओवीत घातली. आमच्या आज्यांनी तेच चुलीपाशी केले असे म्हटले, तर ते फारसे धाडसाचे होणार नाही.

तिसरा प्रवाह इंग्रजांचा. हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग १७५५ साली कमोडोर जेम्सने घेतला, बाणकोट पुढच्याच वर्षी इंग्रजांकडे गेले, आणि १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर दापोलीच्या माळावर लष्करी छावणी पडली. जुनी माणसे या गावाला अजून 'कॅम्प' म्हणतात ते त्यामुळेच. छावणी जाते तेथे भट्टी जाते, आणि भट्टीतून पाव, खारी आणि खिम्याचे पॅटिस येतात. इंग्रजी राजवटीत मुंबईपासून लहानमोठ्या ठाण्यांपर्यंत पॅटिस असे पसरले की ते कोणाचे, हे आता कोणी विचारीत नाही.

पण पॅटिसचे पदर ज्या युक्तीने सुटतात ती आपल्या स्वयंपाकघराला शिकवावी लागली नाही. साट्याची करंजी आठवा. तूप फेसून त्यात तांदळाची पिठी मिसळावयाची, तो साटा पोळीवर लावून तिच्यावर दुसरी पोळी, पुन्हा साटा, मग घट्ट वळकटी करून तुकडे कापावयाचे आणि प्रत्येकाची पारी लाटावयाची. तळताना पिठातील पाण्याची वाफ होते, मधल्या तुपामुळे थर एकमेकांस चिकटत नाहीत आणि पदर मोकळे होतात. बेकरीतील कारागीर लोण्याच्या घड्या घालून जे साधतो, त्याचे तत्त्व हेच. फरक इतकाच की कोकणच्या घरात भट्टी नव्हती, कढई होती. आणि साट्याला भाताच्या या मुलखातील तांदूळ हाताशी होता.

राहिले चीज. पाव, बटाटा, कोबी, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले आणि घरचे झाले. चीजसाठी त्यांचा 'केइजु' हा शब्द मात्र मराठीने घेतला नाही. कारण उघड आहे. आमच्या दमट हवेत चीज मुरविणे कठीण, आणि कोकणची गाय लहान चणीची, थोड्या दुधाची. जास्तीचे दूध झालेच तर त्याचे ताक व तूप होई, चिकाचा खरवस होई. ते दूध फाडून महिनोन्महिने मुरविण्याची चैन कोणाला परवडणार? त्यामुळे चीज आमच्या करंजीत फार उशिरा आले. आणंदच्या सहकारी दुग्धसंघाची स्थापना १९४६ सालची. त्याच्या 'अमूल'चे चीज बाजारात आल्यावर ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आले. आमच्या आजीच्या करंजीत ते नव्हते. आईने ते घातले. म्हणजे परातीतील सर्वांत 'विलायती' वाटणारी वस्तू गुजरातच्या शेतकऱ्यांनी दिलेली आहे!

मांस आणि चीज एकत्र येण्यास आपल्या पंचांगातही अर्थ आहे. जुन्या काळी उपवासकाळात मांसाबरोबर दूधदुभते आणि अंडीही वर्ज्य असत. पुढे हे नियम सैल होत गेले आणि १९६६ साली पोप पॉल सहावे यांनी त्यांची नव्याने मांडणी केली. त्या जुन्या नियमाने पाहिले तर ही करंजी केवळ आनंदाच्या दिवसांचीच ठरते.

ज्यांना घरी करावयाची असेल त्यांच्यासाठी आईचे प्रमाण देतो. अर्धा किलो मैद्यात चार चमचे कडकडीत मोहन व चवीपुरते मीठ घालून पीठ घट्ट भिजवावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. तीनशे ग्रॅम खिमा आले, लसूण, हिरवी मिरची, मिरपूड आणि बारीक चिरलेल्या कांद्यावर पाणी पूर्ण आटेपर्यंत परतावा. तो थंड झाल्यावरच शंभर ग्रॅम किसलेले चीज मिसळावे. सारण गरम वा ओले राहिले तर वाफ कोंडून शिवण उकलते, चीज तेलात उतरते आणि सारा घाणा करपतो. पारीच्या कडेला पाण्याचे बोट फिरवून घडी दाबावी, मग मुरड घालावी. कातणाने कापलेली कड दिसते छान, पण मांसाच्या सारणाला मुरडच भरवशाची. मध्यम आचेवर सावकाश तळाव्यात. एवढ्या साहित्यात साधारण तीस होतात. साटा लावावयाचा असेल तर वेळ दुप्पट धरावा. गोड करंज्या नेहमी आधी, वेगळ्या तेलात तळाव्यात. शेजारचा माणूस आपल्या शब्दावर विश्वास ठेवून तो डबा उघडतो. त्या विश्वासाला खिम्याचा वासही लागू नये, असा आईचा दंडक होता.

पुढच्या नाताळला आजी पुन्हा डबा घेऊन आल्या, तेव्हा आम्ही मुलाला जवळ बोलावून त्यांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यादेखत दिले. मांस भरण्याची कल्पना दाभोळच्या वाटेने आलेल्यांचीही आहे, गोव्याच्या वाटेने आलेल्यांचीही आहे, चीज आणंदचे, मैदा दुकानातला, आणि करंजी, आजी, तुम्ही म्हणालात तशी, तुमची-आमची.

आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग परातीजवळ बसल्या, एक रिकामी पारी हातात घेतली आणि आमच्या मुलाला म्हणाल्या, "सारण तू भर. मला त्याला हात लावायचा नाही. मुरड मी घालते."

त्या वर्षीच्या परातीतील चार करंज्यांची मुरड सर्वांत सुबक होती.