ध्वनिमुद्रिका आणि रसिकाची मासिक निवड

संगीताचा इतिहास लिहावयास बसणारा बहुधा गायकांपासून आरंभ करितो. घराणें कोणतें, गुरु कोण, शिष्य कोण, आश्रयदाता कोण, हा क्रम ठरलेला आहे आणि तो गैरहि नाहीं. परंतु ज्याच्यासाठीं हें गाणें झालें त्या ऐकणाराचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. आजचा तरुण रसिक महिना सरला कीं त्या महिन्यांत आपणांस आवडलेलीं गीतें, गीतसंग्रह आणि पडद्यावर पाहिलेलीं चित्रगीतें यांची यादी करितो व ती स्नेह्यांपुढें ठेवितो. पोक्त मंडळी हा पोरखेळ समजतात. आम्हीहि कांहीं काळ तसेंच समजत होतों. परंतु हा उद्योग नवा नाहीं आणि निरर्थक तर मुळींच नाहीं, असें आतां आमचें मत झालें आहे. तें कां झालें, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

आमचे मातामह एका तालुक्याच्या गांवीं वकिली करीत. त्यांच्या मागें जी किरकोळ चीजवस्त राहिली तींत कापडी बांधणीची एक लांबट वही आम्हांस मिळाली. १९३४ पासून १९४१ पर्यंत दर महिन्यास एक पान, अशी तिची रचना आहे. त्या महिन्यांत विकत घेतलेल्या किंवा दुसऱ्याच्या घरीं ऐकलेल्या ध्वनिमुद्रिका, आणि प्रत्येकीपुढें दोनचार शब्दांचा शेरा: ‘उत्तम’, ‘पुन्हां ऐकावी’, ‘दुसरी बाजू अधिक बरी’, ‘परत केली’. वहींतील मुद्रिका मात्र आमच्या घरीं नाहींत. कॅसेटचा काळ आला तेव्हां माळा मोकळा करण्याचें ठरलें व त्या सर्व पेट्यांसह भंगारवाल्याच्या स्वाधीन झाल्या. आम्ही त्या वेळीं वीस वर्षांचे होतों. त्या पेट्या जिन्यावरून खालीं आम्हींच उतरविल्या, आणि ओझें गेलें म्हणून आम्हांस बरेंच वाटलें, हें येथें कबूल करणें भाग आहे.

त्या वहीचें महत्त्व कळण्यास ध्वनिमुद्रणापूर्वींची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. बैठकीच्या काळांत श्रोत्याच्या हातीं फार थोडें असे. बैठक कोणाच्या वाड्यांत, गायक कोण, निमंत्रण कोणास, हें यजमान ठरवी. राग कोणता व तो किती वेळ, हें गायक ठरवी. श्रोत्याच्या वांट्यास फार तर एखादी फर्माईश येई. नाटकगृहांत तिकीट काढून कोणासहि बसतां येई व ‘वन्स मोअर’ची आरोळी देऊन पद पुन्हां मागतां येई, ही पुढची पायरी खरी; परंतु पडदा पडला कीं पदहि संपलें. आवडलेलें गाणें घरीं न्यावें, एकांतांत दहा वेळां ऐकावें, दुसऱ्याच्या गाण्याशेजारीं ठेवून तोलून पाहावें, ही सोय रसिकास प्रथम यंत्रानें दिली.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. बर्लिनरची सपाट तबकडी त्यानंतर दहा वर्षांनीं आली. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गायसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. गाणें संपतांच गौहरजान इंग्रजींत आपलें नांव उच्चारितात, तें त्या मुद्रिकांत आजहि ऐकूं येतें. तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें छापल्या जात असल्यामुळें तेथील कारागिरांस गायिकेची ओळख पटावी म्हणून ही योजना होती, असें सांगतात. पुढें १९०८ सालीं कलकत्त्याच्या सियालदह भागांत कारखाना निघाला आणि तबकड्या याच देशांत तयार होऊं लागल्या. त्यांस लागणारी लाखहि मुख्यतः याच देशाच्या रानांतली.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूंत सुमारें तीन मिनिटें मावत. तासभर विस्तारणारा राग तेवढ्यांत बसवावयाचा म्हणजे आलाप आंखडता घ्यावा, चीज लगेच मांडावी आणि तानेस लवकर हात घालावा, हें ओघानेंच आलें. हा कलेचा संकोच आहे, अशी तक्रार तेव्हांहि होती व ती अर्धी खरी आहे. उरलेला अर्धा भाग असा कीं, ज्यांनीं ही मर्यादा ओळखली त्यांनीं तींतूनच एक नवी कला निर्माण केली. अब्दुल करीमखाँ यांच्या अखेरच्या वर्षांतील मुद्रिका ऐकतांना कांहीं राहून गेलें असें वाटत नाहीं. १९२५ सालीं विद्युत्-मुद्रण सुरू झालें, कर्ण्यांत ओरडून गाण्याची सक्ति गेली, आणि हळुवार आवाजासहि तबकडीवर स्थान मिळालें. आपल्याकडील भावगीताचा उदय त्यानंतरचा आहे, हा केवळ योगायोग नव्हे.

याच काळांत महिना हें गाणें मोजण्याचें माप झालें. कंपन्या दरमहा नव्या मुद्रिकांचीं सूचिपत्रें छापीत. दुकानदार तीं गिऱ्हाइकांस देई. इंग्लंडांत कॉम्प्टन मॅकेंझी या कादंबरीकारांनीं १९२३ सालीं ‘द ग्रामोफोन’ नांवाचें मासिक काढलें व त्यांत नव्या मुद्रिकांचें परीक्षण दरमहा येऊं लागलें. ‘आल्बम’ हा शब्दहि त्याच जमान्यांतला. मोठी रचना अनेक तबकड्यांवर पसरे, व त्या तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या बांधणींत ठेवीत. पुढें १९४८ सालीं दीर्घ वेळ वाजणारी तबकडी निघाली, बांधणी गेली, नांव मात्र राहिलें. आमच्या मातामहांनीं मॅकेंझींचें मासिक पाहिलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तरी ते तेंच करीत होते. सूचिपत्र पुढें ठेवून ते निवडीत, आणि निवडीचें कारण दोन शब्दांत लिहून ठेवीत.

परंतु रसिकाच्या निवडीपूर्वीं दुसरी एक निवड होऊन गेलेली असते. ती कंपनीची, आणि गायकाचीहि. गायनसम्राट् अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते. त्यांची एकहि मुद्रिका निघाली नाहीं. भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले. त्यांचाहि स्वर मागें राहिला नाहीं. जें सूचिपत्रांतच नव्हतें तें आमच्या मातामहांच्या वहींत कोठून येणार? मात्र १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ नाटकास बुवांनीं ज्या चाली दिल्या, त्या बालगंधर्वांच्या मुद्रिकांत आजहि ऐकावयास मिळतात. हजारों घरांनीं पदरचे पैसे मोजून त्या घेतल्या, झिजेपर्यंत वाजविल्या, म्हणून कंपनीनें नव्या नव्या रूपांत त्या पुन्हां काढिल्या. बुवांची प्रतिभा आम्हांपर्यंत पोंचली ती बालगंधर्वांच्या कंठामुळें, हें खरेंच; पण ज्यांचीं नांवें कोठेंच नाहींत अशा त्या गिऱ्हाइकांमुळेंहि पोंचली, हें विसरून चालणार नाहीं.

निवडीचा परिणाम केवळ जतनापुरता नसतो. गदगमधील एका दुकानांत अब्दुल करीमखाँ यांची झिंझोटींतील मुद्रिका वाजत असतां ती एका लहान मुलानें ऐकली, असें गाणें आपल्यालाहि आलें पाहिजे या ध्यासानें तो घर सोडून गुरूच्या शोधार्थ निघाला, आणि पुढें भीमसेन जोशी या नांवानें सर्व देशास माहीत झाला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्या दुकानांत ती तबकडी होती, कारण तिला गिऱ्हाईक होतें. एका पिढीची आवड दुसऱ्या पिढीचें शिक्षण होते, तें असें.

याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. महायुद्धाच्या काळांत, १९४२ सालीं, अमेरिकेंत लाखेच्या वापरावर निर्बंध आले. नवी तबकडी हवी तर जुनी आणून द्या, असें तेथील दुकानदार गिऱ्हाइकांस सांगूं लागले, आणि जुन्या तबकड्यांचा चुरा नव्यांत जाऊं लागला. त्या वेळीं कोणतें गाणें चुऱ्यांत गेलें व कोणतें घरीं राहिलें, हें कोणा विद्वत्सभेनें ठरविलें नाहीं. तें घरोघर कपाटापुढें उभ्या राहिलेल्या माणसांनीं ठरविलें. तेथें युद्धाची निकड तरी होती. आमच्या माळ्यावरील पेट्यांस तीहि सबब नव्हती.

स्वातंत्र्यानंतर ही खाजगी यादी सार्वजनिक झाली. १९५२ सालीं आकाशवाणीनें चित्रपटगीतांस आपलीं दारें जवळजवळ बंद केलीं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दुकानांतील खप आणि श्रोत्यांचीं पत्रें यांवरून गीतांचा क्रम लागे. त्या क्रमास सयानी ‘पायदान’ म्हणत. बुधवारीं रात्रीं देशभर माणसें आपल्या आवडीचें गीत कितव्या पायरीवर चढलें हें ऐकावयास बसत. सरकारनें दार लावलें तरी रसिक खिडकीनें आला, हा त्यांतील आनंदाचा भाग. परंतु आवडीचा क्रम लागला कीं पहिल्या पायरीवरचें गीत अधिक विकलें जातें, आणि अधिक विकलें जातें म्हणून पहिल्या पायरीवर राहतें, हेंहि तेव्हांपासून स्पष्ट झालें. ‘उत्तम’, ‘पुन्हां ऐकावी’ असे शेरे त्या क्रमांत कोठेंच बसत नाहींत.

कोणी म्हणेल, आज ही चिंता कशास? आतां जगांतील बहुतेक गाणें खिशांतल्या यंत्रांत मिळतें. नष्ट होण्याचें भय उरलें नाहीं. या आक्षेपास एका उदाहरणानें उत्तर देतों. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी आहे, आणि ती वाजविण्यासाठीं सुईहि सोबत दिली आहे. तींत मानवजातीच्या संगीतांतून निवडलेल्या २७ रचना आहेत. सर्व मिळून सुमारें ९० मिनिटें. भारताच्या वांट्यास एक रचना आली: केसरबाई केरकर यांची सुमारें साडेतीन मिनिटांची भैरवी. कार्ल सेगन यांच्या निवडमंडळास ती रॉबर्ट ब्राउन या संगीतज्ञांनीं सुचविली. सुचविली खरी, पण तबकडी बाजारांतून नाहींशी झालेली. शेवटीं न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत, मेजाखालच्या खोक्यांत तिच्या प्रती सांपडल्या. गोव्यांतील केरी गांवच्या या गायिकेनें लहानपणीं अब्दुल करीमखाँ यांच्याकडे व पुढें भास्करबुवांकडे अल्पकाळ शिक्षण घेतलें, आणि नंतर दीर्घ तालीम अल्लादियाखाँ यांची. ज्या गुरूची एकहि मुद्रिका नाहीं त्याची विद्या आज सूर्याच्या प्रभावक्षेत्रापलीकडे प्रवास करीत आहे. ती तेथें पोंचली, कारण एका रसिकास ती आठवत होती आणि ती आपल्या यादींत घातली जावी असा त्यानें आग्रह धरिला. तो नसता तर खोक्यांतील तबकडी खोक्यांतच राहिली असती, आणि तिला कोणी ‘नष्ट’ म्हटलेंहि नसतें.

तात्पर्य, सांठवण निराळी आणि स्मरण निराळें. सांठवण यंत्र करील. स्मरण करण्यास माणूस लागतो. आजचें यंत्र आपण काल जें ऐकलें त्यासारखेंच आज पुढें करितें. तें सूचिपत्रहि आहे आणि दुकानदारहि आहे. फक्त ‘परत केली’ असें म्हणण्याची संवय तें आपल्याला लागूं देत नाहीं. म्हणून तरुण मंडळींच्या मासिक यादीचा आम्ही आतां उपहास करीत नाहीं. आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी ती दाखवितात तेव्हां आम्ही दोनच गोष्टी सांगतों. पहिली ही कीं, यादींत निदान एक गाणें असें असावें जें तुमच्यापुढें कोणी आणून ठेविलें नव्हतें, जें तुम्ही स्वतः शोधलें. दुसरी, आवडण्याचें कारण लिहा, आणि गाणाराबरोबर साथीदारांचींहि नांवें लिहा.

दुसऱ्या सूचनेस कारण आहे. १९९० सालीं मुंबईंत ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची एक संस्था स्थापन झाली. तशा हौशी संग्राहकांच्या श्रमानें जुन्या मुद्रिका ऐकण्याची सोय आतां पुष्कळ झाली आहे. मातामहांची वही पुढें ठेवून आम्ही गेलीं कांहीं वर्षें एकेक मुद्रिका शोधीत आहों, आणि निम्म्याहून अधिक मिळाल्या. ज्या आम्हीं जिन्यावरून खालीं नेल्या त्या अशा परक्यांच्या मेहरबानीनें परत ऐकतांना मनास काय वाटतें हें सांगण्याचें हें स्थळ नव्हे. असो. १९३७ च्या एका पानावर मात्र एवढेंच लिहिलें आहे: ‘बाईंचा मालकंस. तबलजी फार चांगला. पुन्हां ऐकावी.’ बाई कोण, तबलजी कोण, तबकडी कोणत्या कंपनीची, याचा पत्ता नाहीं. त्या महिन्यांत त्या घरीं तें सांगण्याची कोणास गरज वाटली नसावी. सर्वांस माहीतच होतें. ती मुद्रिका आम्हांस अद्यापि मिळालेली नाहीं. आम्ही शोधीत आहों.