एनआरएफ२४एल०१+ रेडिओ मॉड्यूल

नॉर्वेतील नॉर्डिक सेमीकंडक्टर कंपनीच्या याच नावाच्या चिपवर बेतलेले, आठ पिनांचे, काडेपेटीहून लहान बिनतारी मॉड्यूल. रिमोटची गाडी, टाकीतल्या पाण्याची पातळी, गच्चीवरचे तापमान अशा हौशी प्रकल्पांत ते आर्डुइनोला जोडतात. पट्टीच्या टोकाला तांब्याची नागमोडी रेघ दिसते, तोच अँटेना.

चिप २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात संदेश पाठवते आणि ऐकतेही, मात्र एका वेळी एकच काम. एका खेपेला ३२ बाइटच मावतात. तापमानाच्या आकड्याला तेवढे पुष्कळ झाले. पोच आली नाही, तर मायक्रोकंट्रोलरला न विचारता ती तोच संदेश १५ वेळांपर्यंत पुन्हा पाठवते. स्वस्त मॉड्यूलमधला हा गुण खरोखर मोलाचा आहे. जोडणी एसपीआयने होते : आर्डुइनो उनोवर ११, १२, १३ या पिना, शिवाय मॉड्यूलच्या सीई आणि सीएसएन पिनांसाठी कोणत्याही दोन.

नवख्याची गाडी अडते ती वीजपुरवठ्यात. चिपला १.९ ते ३.६ व्होल्ट लागतात. व्हीसीसी या वीजपुरवठ्याच्या पिनेला ५ व्होल्ट दिले तर ती जळू शकते. इतर पिनांना मात्र ५ व्होल्टचे संकेत चालतात. चिप जेमतेम १४ मिलीअँपिअरपर्यंत वीज घेते, पण झटक्याझटक्याने, आणि ब्रेडबोर्डच्या लांब तारांतून तेवढ्यात व्होल्टेज डळमळते. मग संदेश येतात, तुटतात, मॉड्यूलला बोट लावले की पुन्हा येतात, आणि शिकणारा रात्रभर प्रोग्राम तपासत बसतो. आधी १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर व्हीसीसी आणि ग्राउंडच्या पिनांवरच सोल्डर करावा; अंगावर पट्टा असलेली बाजू ग्राउंडकडे. ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाला लावला तर फारसा उपयोग होत नाही. लांब पल्ल्याचे, बाहेरचा अँटेना असलेले मॉड्यूल १०० मिलीअँपिअरहून अधिक घेते. उनोची ३.३ व्होल्टची पिन ५० च देते, म्हणून त्याला वेगळा रेग्युलेटर हवाच.

चॅनल २४०० मेगाहर्ट्‌झपासून एकेक मेगाहर्ट्‌झवर मोजतात. वायफायची गर्दी टाळायला १०० च्या पुढचा चॅनल घेण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण भारतात परवान्याविना मोकळा पट्टा २४८३.५ मेगाहर्ट्‌झलाच संपतो. तेव्हा ८२ च्या वर जाऊ नये. शेजारचे वायफाय त्याच्या स्वतःच्या १, ६ आणि ११ या चॅनलांवर असतील, तर चिपच्या मोजणीतली ७४ ते ८२ ही जागा बरीचशी मोकळी सापडते. आरएफ२४ लायब्ररीचा मूळचा ७६ हा चॅनल याच फटीत बसतो.