छपरावरचा इतिहास

सिंहगड दोन वेळा कामाला आला. पहिल्यांदा १६७० साली, तानाजी मालुसऱ्यांच्या वेळी; आणि दुसऱ्यांदा १९७३ साली, दूरदर्शनच्या वेळी. पहिल्या प्रसंगाची हकीकत शाळेच्या पुस्तकात आहे, पोवाड्यात आहे. दुसऱ्या प्रसंगावर मात्र कुणी डफावर थाप मारलेली नाही. म्हणून बँकेतल्या एका कारकुनाला लेखणी उचलावी लागते आहे. कॉमर्सवाल्याने इतिहास लिहू नये असा काही सरकारी फतवा नाही. उलट इतिहासातली जमेची बाजू कुठली आणि नावेची कुठली, हे आम्हालाच जरा लवकर कळतं.

तर हकीकत अशी. दिल्लीत १९५९ साली दूरदर्शनचा प्रयोग सुरू झाला आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी तो मुंबईला पोचला. पुढच्याच वर्षी सिंहगडावर मनोरा उभा राहिला. मुंबईचा कार्यक्रम झेलायचा आणि पुण्यावर सोडायचा, एवढंच त्याचं काम. पण उंचावरून पाणी ओतलं की ते काय फक्त बादलीतच पडतं? थोडं सांडतंच. पुण्यासाठी सोडलेलं जे चित्र इकडेतिकडे सांडलं, त्यातला एक शिंतोडा आमच्या लोणंदवर पडला. सरळ रेषेत सिंहगड आमच्यापासून साठेक किलोमीटर, आणि मध्ये डोंगर. म्हणजे आमच्यासाठी कुणी काही पाठवलंच नव्हतं. दुसऱ्याच्या लग्नातली जिलेबी आम्ही कुंपणावरून खात होतो.

हे खायला लागायची ती अँटेना. तिचं खरं नाव यागी-उदा. हिदेत्सुगू यागी आणि शिंतारो उदा या दोन जपानी गृहस्थांनी १९२६ साली ती जगापुढे मांडली. अॅल्युमिनियमच्या कांड्या एका दांडीवर आडव्या बसवलेल्या. मुख्य कांडीची लांबी लहरीच्या लांबीच्या साधारण निम्मी, मागची थोडी मोठी, पुढच्या थोड्या लहान. त्यामुळे ती एकाच दिशेचं ऐकते. सरकारी साहेबासारखा तिचा स्वभाव: समोरच्याचं ऐकायचं, बाजूच्याचं नाही. तिच्यावर कावळा बसला की दिशा बदलायची आणि कार्यक्रम गुल.

१९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा आमच्या घरात तीन ठाणी असत. आण्णा छपरावर, मी अंगणात आणि आई टीव्हीपुढे. मधला निरोप्या मी.

"आलं का?" आण्णा वरून.

"आई, आलं का?" मी.

"मुंग्या!" आई आतून.

"आता?"

"आता दोन दोन राम दिसत्यात!"

हे दोन राम म्हणजे आईचा दृष्टिदोष नव्हे. एक लहर सरळ येते, दुसरी डोंगरावर आपटून अंमळ उशिरा पोचते आणि पडद्यावर तीच आकृती जरा बाजूला पुन्हा उमटते. रावणाला अशी वीस तोंडं झालेली मी स्वतः मोजली आहेत. हिशेबाची आवड मला तिथून लागली असावी.

हवेतून गोष्टी येणं आमच्या मुलखाला तसं नवीन नाही. १९२७ साली खडकीहून विलायतेला बिनतारी संदेश जायचे आणि तिकडचे दौंडला उतरायचे. जुन्नरजवळच्या आर्वीला १९७१ साली उपग्रहाशी बोलणारं भूकेंद्र झालं. जगाशी बोलणारी केंद्रं हाकेच्या अंतरावर आणि लोणंदकर मात्र पुण्याचा ट्रंककॉल लागायची वाट बघत बसलेले! माउलींची पालखी नीरा ओलांडून दरवर्षी आमच्याकडे मुक्कामाला येते, तेवढा एकच संपर्क काय तो भरवशाचा.

मग वायरींचा काळ आला. १९९१ च्या आखाती युद्धानंतर केबल देशभर पसरली. खांबावरून झाडावर, झाडावरून गच्चीवर, गच्चीवरून खिडकीत. कंदिलाला टांगल्यासारखं गाव त्या काळ्या वायरीला लोंबत होतं. पुढे इंटरनेट आलं, तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न: "अजून एक वायर?"

त्यावर २००५ साली सरकारी टेलिफोन खात्याच्या ब्रॉडबँडने फार सुरेख तोड काढली. नवी वायर नकोच. टेलिफोनची जुनी तांब्याची तार आहे, तिच्यातच दोघांनी राहायचं. माणसाच्या आवाजाला तारेतली खालची थोडी जागा पुरते. वरचा सगळा माळा मोकळाच पडलेला असतो. तिथे इंटरनेट बिऱ्हाड करून राहिलं. दोघांची भांडणं होऊ नयेत म्हणून मध्ये स्प्लिटर नावाची एक डबी. एकत्र कुटुंब टिकवण्याची इतकी स्वस्त युक्ती आमच्या नात्यात कुणाला सापडली नाही. खोट एवढीच, की एक्स्चेंजपासून घर जितकं लांब तितका वेग कमी. म्हणजे गावाच्या टोकाला राहणाऱ्याने इथेही रांगेत मागेच उभं राहायचं.

हे मागे राहणं विनोदाचं वाटतं ते २०२० पर्यंत. त्या वर्षी टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरली आणि कोकणातली काही मुलं रेंजसाठी डोंगर चढून अभ्यास करू लागली. ते वाचून मला छपरावरचे आण्णा आठवले. फरक इतकाच, की आण्णा रामायणासाठी चढले होते आणि ही पोरं हजेरीसाठी.

आता ताजं प्रकरण. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पुण्या-मुंबईसह आठ शहरांत जिओची एअरफायबर नावाची सेवा आली. एअरटेलची तसलीच सेवा महिनाभर आधी आली होती. छपरावर एक डबा, तो मोबाइलच्या मनोऱ्याकडून फाइव्ह-जी लहर घेतो आणि घरात टीव्ही, इंटरनेट दोन्ही चालतं. रस्त्यावरून घरापर्यंत वायर नाही. आमचं घर जुनं, भिंती मातीच्या, दीड हात रुंद. भोक पाडायला गेलं तर पाव भिंत हातात येते. तेव्हा हीच सेवा आम्हाला लागू. एका कंपनीचा मुलगा आला, छपरावर चढला, डबा इकडेतिकडे फिरवू लागला. आई अंगणात आली आणि सवयीने ओरडली, "मुंग्या आहेत का रं?"

"मुंग्या नसतात आता आजी," तो म्हणाला. "मनोरा दिसला पाहिजे फक्त."

राउटर कुठे ठेवायचा यावरून मात्र खरी सभा झाली. मुलगी म्हणाली, माझ्या खोलीत, माझी परीक्षा आहे. मी म्हणालो, बाहेरच्या खोलीत, टीव्ही तिथे आहे. पण दीड हात मातीतून वायफाय जेमतेम झिरपतं, आणि आईची खोली सगळ्यांत आत. रविवारी संध्याकाळी धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल येतो. तेवढ्यासाठी गुडघे धरत दोन उंबरे ओलांडून ती बाहेर येते आणि बोलणं संपल्यावर तशीच परत जाते. लोणंदला पन्नास वर्षांपूर्वी जो शिंतोडा मिळत होता, तोच आता माझ्या घरात आईच्या वाट्याला येणार होता. जमाखर्च मांडून झाल्यावर राउटर माजघरात ठेवला, आईच्या दाराशी. मुलगी पुस्तकं घेऊन तिथेच बसते. टीव्ही अधूनमधून अडखळतो. त्याचं वय झालं आहे असं आम्ही समजतो.

काम संपल्यावर आईने सगळं निरखून पाहिलं. छपरावरून राउटरला उतरलेली एक, राउटरच्या विजेची एक, टीव्हीची एक, सेट टॉप बॉक्सची एक आणि त्या दोघांना जोडणारी एक.

"वायर नाही म्हणाला होतास ना?" तिने विचारलं.

"रस्त्यावरून नाही, आई."

"बरं," ती म्हणाली. तेवढ्यात लाइट गेली. इतिहास जिथल्या तिथे थांबला आणि आईने कंदील शोधायला सांगितलं.