जोहर-मेहमूदचा गोवा आणि आंबोलीचा रेडिओ

डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्याने गोव्यातली साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता दोन दिवसांत संपवली. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६५ साली, याच लढ्यावर एक हिंदी विनोदी सिनेमा आला : ‘जोहर मेहमूद इन गोवा’. वेषांतर, छुप्या कारवाया, गाणी आणि गोंधळ, असा सगळा हेरपटाचा मसाला त्यात होता. दिग्दर्शक आणि नायक आय. एस. जोहर, सोबतीला मेहमूद.

सिनेमाची खरी ताकद त्याच्या वेळेत आहे. जखम ताजी असताना जोहरने राज्यकर्त्यांना हास्यास्पद करून टाकलं. ज्याला घाबरायचो त्याच्यावर हसता येणं, हीसुद्धा एक सुटकाच. जोहर-मेहमूदची जोडी लोकांना आवडली आणि १९७१मध्ये दोघं ‘जोहर मेहमूद इन हाँगकाँग’मध्ये पुन्हा एकत्र आले.

पण याच ताकदीत त्याची कमजोरीही आहे. शत्रू इतका बावळट असेल, तर त्याच्याविरुद्ध लढायला धाडस कशाला लागेल?

खरा शत्रू बावळट नव्हता. १५ ऑगस्ट १९५५ला गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, वीसहून अधिक माणसं गेली. गोव्याच्या पोलिसांतला काझिमिरो मोंतेरो छळासाठी कुप्रसिद्ध होता. पुढे तो पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांत गेला आणि विरोधी पक्षाचे नेते जनरल देल्गादो यांच्या खुनात सामील झाला. तो खून फेब्रुवारी १९६५मधला, म्हणजे सिनेमा आला त्याच वर्षातला.

आणि खऱ्या छुप्या कारवाया? इचलकरंजीहून आजरामार्गे गोव्याला जाताना आंबोली लागते. आपण तिथे धबधब्यापाशी फोटो काढतो आणि भजी खाऊन पुढे निघतो. त्याच आंबोलीच्या जंगलातून नोव्हेंबर १९५५मध्ये लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी गुप्त रेडिओ सुरू केला. पुढे तो कॅसलरॉकला हलला. पोर्तुगीज आणि कोकणीतून, सहा वर्षं, सेन्सॉरने दाबलेल्या बातम्या गोव्यात पोहोचत राहिल्या. १९ डिसेंबर १९६१ला याच दोघांनी विमानातून गोव्यावर फिरत मुक्तीची घोषणा केली.

या कामात वेषांतराची धमाल नव्हती. होतं ते जंगल, पाऊस आणि रोज वेळेवर बोलण्याची शिस्त. हिंदी सिनेमाने गोव्याची ख्रिस्ती मुलगी बहुतेक वेळा पार्टीत नाचतानाच दाखवली. इथे तशीच एक मुलगी ट्रान्समीटरसमोर बसून साम्राज्याशी बोलत होती. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, वयाच्या शंभरीत.

म्हणून जोहरचा सिनेमा टाकाऊ ठरत नाही. यूट्यूबवर दिसला तर जरूर बघा, मनमोकळं हसाही. फक्त त्यातली भीती कुठे गेली, हे शोधत बघा. ती भीती वजा केली की विनोद सोपा होतो. पण तिच्यासोबत ती पचवणाऱ्या माणसांची हिंमतही वजा होते.