टोपीकरांची टोपी

बेळगावच्या वेशीला लागून, मार्कंडेय नदीच्या बाजूस वसलेले कंग्राळी हे माझे गाव. रविवारी सकाळी मी जुनी फेल्टची हॅट डोक्यावर चढवून कॅम्पातील चर्चला जावयास निघालो, की पारावरची मंडळी हमखास म्हणतात, "काय हो मास्तर, आज साहेब झालासा की!" या बोलण्यात थोडी थट्टा असते, थोडा जिव्हाळा असतो आणि थोडा आरोपही असतो. थट्टेला मी हसून उत्तर देतो. आरोपाला मात्र इतक्या वर्षांत मी नीटसे उत्तर दिलेले नाही. ते आज द्यावे, असे मनात आहे.

साहेबाचे आणि टोपीचे नाते आपल्या भाषेने फार पूर्वी जुळविले. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या 'आज्ञापत्रा'त समुद्रमार्गे आलेल्या पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच आदी परकीयांस मिळून एकच नाव आहे: टोपीकर. त्यांची जहाजे, त्यांच्या तोफा, त्यांचा धर्म, हे सारे बाजूस ठेवून मराठी माणसाने त्यांस ओळखले ते डोक्यावरून. यात नवल नाही. कारण आपण एकमेकांसही डोक्यावरूनच ओळखीत होतो. पुणेरी पगडी, शिंदेशाही पगडी, होळकरशाही पगडी, पागोटे, मुंडासे, पटका, रुमाल! माणूस तोंड उघडण्यापूर्वीच त्याची जात, त्याचा प्रांत आणि बहुधा त्याचा व्यवसायही त्याच्या डोईवरून वाचता येई. शिरोभूषण हा शब्द गोड आहे खरा, पण ते भूषण पुष्कळांच्या बाबतीत नावनिशीची पाटीच होते.

आता ही फेल्ट म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी, की हे एक जाड विलायती कापड आहे. तसे नाही. कापडाला ताणा लागतो, बाणा लागतो. फेल्टला माग लागतच नाही. लोकर किंवा सशासारख्या प्राण्याची लव पिंजून, पसरून, ओलाव्याने, उष्णतेने व दाबाने मळीत गेले, की तिचे तंतू एकमेकांत गुंततात आणि पुन्हा सुटत नाहीत. ही विद्या आपल्यालाही नवी नव्हे. आपल्या दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीचे 'जेन' ज्यांनी पाहिले असेल त्यांना ती ठाऊक आहे. घोंगडे विणतात, जेन विणीत नाहीत. पिंजारी लोकर पिंजून थर पसरतो, पाणी शिंपडतो, गुंडाळी करतो आणि हातापायांनी ती मळीत राहतो. तेव्हा धनगराच्या बसण्याचे जेन आणि लंडनच्या लॉर्डाची हॅट ही एकाच कुळातील भावंडे होत. एक जमिनीवर अंथरले गेले, दुसरे डोक्यावर जाऊन बसले, इतकेच. आम्हां ख्रिस्ती लोकांत अशी आख्यायिका आहे, की संत क्लेमेंट यांनी प्रवासात पाय पोळू नयेत म्हणून पायताणात लोकर भरली आणि चालता चालता तिचे फेल्ट झाले. म्हणून टोपी करणारे कारागीर त्यांस आपला आश्रयदाता संत मानीत आले. आख्यायिका खरी मानण्याचा माझा आग्रह नाही. पण घाम, वजन आणि चाल या तिन्ही गोष्टी तिने अचूक हेरल्या आहेत.

या धंद्याची एक काळी बाजूही आहे. सशाची लव सहज गुंतावी म्हणून कारखान्यांतून तिला पाऱ्याच्या नायट्रेटचे द्रावण लावीत. त्याची वाफ श्वासावाटे जाऊन कारागिरांचे हात थरथरत, दात पडत, वृत्ती चिडखोर व भित्री होई. इंग्रजीत वेड्याला टोपीवाल्याची उपमा देतात, तिच्यामागे हेच दुखणे असावे असे पुष्कळजण मानतात. अमेरिकेत या कामी पारा वापरण्यास बंदी आली ती १९४१ साली. जुन्या हॅटीचा मऊपणा बोटांना जाणवतो, तेव्हा या कोणा अनोळखी माणसाच्या थरथरत्या हातांची मला आठवण होते. संग्रह करणाराने ती ठेवावी, असे मला वाटते.

माझ्या संग्रहात अकरा हॅटी आहेत. काही जुन्या बाजारात मिळाल्या, काही निवृत्त रेल्वेवाल्यांच्या माळ्यावरून उतरल्या. त्यांतली एक इटलीतील अलेस्सांद्रिया या गावच्या बोर्सालिनो कारखान्याची आहे. हा कारखाना १८५७ साली निघाला. बहुतेक फेडोरा घाटाच्या आहेत, म्हणजे माथ्यावर लांबट खळगा आणि पुढे दोन बाजूंस चिमटे. फेडोरा हे नाव एका नाटकाच्या नायिकेचे. १८८२ साली पॅरिसमध्ये सारा बर्नहार्ट या नटीने ती भूमिका केली आणि पुढे हे नाव टोपीला चिकटले. म्हणजे ज्या टोपीला आपण पुरुषी रुबाबाची खूण समजतो, तिचे नाव एका स्त्रीवरून पडलेले आहे! पारावर हे सांगितले तेव्हा मोठा हशा झाला.

परंतु संग्रहाचे मूळ आहे ती माझ्या आजोबांची तपकिरी हॅट. ते कॅम्पात एका गोऱ्या अधिकाऱ्याकडे बटलर होते. १९४७ साली तो अधिकारी विलायतेस परत गेला, तेव्हा जाताना त्याने ती त्यांस दिली. आजोबांचा माप साताहून थोडा अधिक, साहेबाचा त्याहूनही मोठा. म्हणून आतल्या कातडी पट्टीमागे वर्तमानपत्राची घडी घालून त्यांनी ती आपल्या डोक्याला बसविली. ती घडी अजून तेथेच आहे. ती काढून पाहण्याचा मोह मला अनेकदा झाला, पण मी ती काढलेली नाही.

या हॅटीने आजोबांपुढे रोजची एक अडचण उभी केली. चर्चमध्ये पुरुषाने डोके उघडे करावयाचे, हा आमचा नेम. गावच्या कीर्तनात, लग्नात, वडीलधाऱ्यांसमोर बोडक्या डोक्याने बसणे म्हणजे उद्धटपणा, किंबहुना अशुभ. जेथे देवासाठी टोपी काढावयाची तेथे वहाण चालते, आणि जेथे वहाण काढावयाची तेथे टोपी हवी! आजोबा सकाळी प्रार्थनेस हॅट मांडीवर घेऊन बसत आणि रात्री विठ्ठलाच्या देवळाबाहेर कीर्तन ऐकताना तीच हॅट डोक्यावर घट्ट दाबून बसत. त्यांना यात विसंगती वाटत नसे. दोन्हीकडे मान राखावयाचा, रीत ज्या त्या घरची, एवढेच ते म्हणत.

आता आरोपाकडे येतो. हॅट म्हणजे गोऱ्या मालकाची नक्कल, हा तो आरोप. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, पण त्यांनी पागोटे सोडले नाही. आमच्यातच दोन पक्ष होते. आणि ज्या बेळगावात मी हॅट घालून फिरतो, त्याच बेळगावात डिसेंबर १९२४ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षस्थान स्वीकारलेले ते एकमेव अधिवेशन. त्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर आजही टिळकवाडीत आहे. त्या मंडपात पांढऱ्या खादी टोप्यांचा सागर उसळला असेल. या टोपीच्या जन्माची हकीगत काका कालेलकरांनी लिहून ठेवली आहे, आणि त्यांच्या घराण्याचा संबंध आमच्याच भागातील बेळगुंदीशी. गांधीजींनी निरनिराळ्या प्रांतांच्या टोप्यांचा विचार करून काश्मिरी टोपीचा घाट पसंत केला आणि रंग पांढरा ठरविला. कारण काळ्या टोपीवर मळ दिसत नाही, पांढरीवर दिसतो, म्हणून ती धुतली जाते. परदेशी टोप्या १९२१ च्या होळ्यांत जळाल्या. १९३० साली सोलापुरात लष्करी कायदा असताना गांधी टोपी डोक्यावर असणे हाच गुन्हा ठरला. इतके मोल ज्या टोपीसाठी लोकांनी मोजले, तिच्यापुढे माझी हॅट मान खाली घालते.

पण गोष्ट येथे संपत नाही. बेळगावच्या अधिवेशनानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, येथून सुमारे ७५ किलोमीटरवर निपाणीस मुंबई इलाख्यातील बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांची पुढील काळातील छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत: सूट, चष्मा, हातात काठी आणि कित्येकदा डोक्यावर फेल्टची हॅट. नागपूरजवळ चिचोली येथे त्यांच्या वस्तूंचा जो संग्रह जतन केला आहे, त्यात त्यांच्या कपड्यांबरोबर हॅटही आहे. या हॅटीला साहेबाची नक्कल म्हणण्याचे धाडस कोण करील? ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या एखाद्याच्या अंगावरील चिंधीवरून त्याची जात ओळखली, त्या समाजात जात न सांगणारा पोशाख ही चैन नव्हे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी, जातीची खूण पटविणारी लुगडे नेसण्याची पद्धत व दागिने टाकून द्या, असे सांगितले होते. त्यांच्या हॅटीचा अर्थ मी या उपदेशाशेजारी ठेवून लावतो. तसा अर्थ त्यांनी स्वतः लावला होता असे मी म्हणत नाही. पण माझे मत असे आहे.

हॅट माणसाची ओळख पुसते, याचा दुसरा दाखला १९२८ च्या डिसेंबरातला. साँडर्सच्या वधानंतर लाहोरचे पोलीस भगतसिंगाला धुंडीत होते. केस-दाढी उतरविलेला एक तरुण हॅट व ओव्हरकोट घालून, सोबत दुर्गाभाभी व तिचे मूल घेऊन, सरळ स्टेशनात शिरला आणि गाडीत बसून निघून गेला. बरोबर नोकराच्या वेषात होता आपल्या खेडचा शिवराम हरी राजगुरू. सरकारच्या शिपायांनी साहेबी टोपीकडे पाहिले आणि तिच्याखालच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. टोपीकरांना टोपीनेच टोपी घातली, असे म्हणावयास हरकत नाही!

आजोबांची गोष्ट एवढी मोठी नाही. ते पुढारी नव्हते, क्रांतिकारक नव्हते. लोकांच्या घरी जेवण वाढणारे बटलर होते. पण बाजारात ज्या दुकानदाराने पूर्वी त्यांस 'अरे, इकडे ये' म्हटले होते, त्याने हॅट पाहिल्यावर 'या, बसा' म्हटले, हे ते मरेपर्यंत सांगत. सांगताना हसत, पण ते हसू मला लहानपणीही पुरते हसण्यासारखे वाटले नाही.

एक दिवस मात्र असा येई, की त्या दिवशी त्यांची अडचण आपोआप सुटे. गावात कोणी गेले, की सुतक असलेल्या घरची पुरुषमंडळी बोडक्या डोक्याने बसत. दुखवट्याचे आहेर होऊन पुन्हा टोपी डोक्यावर येईपर्यंत ती तशीच राहत. आजोबा त्या घरी गेले, की दारातच हॅट काढीत आणि ती छातीशी धरून उभे राहत. ती चर्चची रीत होती आणि त्या घरचीही. शेजारचे एक आजोबा वारकरी होते. ते गेले तेव्हा तीन दिवस आमच्या खुंटीवरून हॅट खाली उतरली नाही.

आता खुंट्या रिकाम्या आहेत. पगडी गेली, काळी टोपी गेली, पांढरीही बरीचशी सभेपुरती उरली. लोक डोके झाकतात ते हेल्मेटने, आणि तेही पोलीस दिसला म्हणजे! माझ्या हॅटींना आमच्या पावसाळ्याचा फार जाच होतो. बुरशी येते, कसर लागते. मी त्या कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून, माथा खाली करून ठेवतो, म्हणजे काठ वाकत नाहीत. उचलताना माथ्याला चिमटीत धरीत नाही. तेथेच फेल्ट प्रथम फाटते. चेपलेली हॅट चहाच्या आधणाच्या वाफेवर धरली, की ती पुन्हा आपला आकार आठवते.

गेल्या पावसाळ्यात पारावर बसची वाट पाहत असता, नेहमी थट्टा करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपली पांढरी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि हात पुढे केला. "बघू मास्तर, इकडं द्या." मी आजोबांची हॅट त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती उलटून पाहिली, आतील कातडी पट्टी चाचपली, वर्तमानपत्राची घडी बोटाने दाबली, आणि मग हळूच डोक्यावर ठेवली. ती कानांपर्यंत खाली आली. "मोठी हाय," ते म्हणाले, "अजून एक पेपर घालायला पाहिजे." तेवढ्यात बस आली.