ऑक्सफर्डची निळी पाटी आणि आपल्या खिशातली बॅटरी

ऑक्सफर्डला पाहुण्यांना घेऊन गेलो की आपण कॉलेजे पाहतो, फोटो काढतो आणि परततो. पुढच्या वेळी साउथ पार्क्स रोडवरच्या इनऑर्गॅनिक केमिस्ट्री लॅबोरेटरीपाशी जरूर थांबा. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने २०१० साली तिथे निळी पाटी लावली आहे. मोबाइल आणि विजेवरच्या गाड्या ज्या बॅटरीवर चालतात, तिचा महत्त्वाचा शोध इथे लागला. त्याची थोडी माहिती आम्ही देत आहोत.

शोध कसा लागला?
१९७६ मध्ये जॉन गुडइनफ हे अमेरिकन शास्त्रज्ञ या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. पुढे जपानहून कोइची मिझुशिमा आले. फिलिप जोन्स आणि फिलिप वाइझमन हेही सोबत होते. बॅटरीच्या धन टोकाला लिथियम कोबाल्ट ऑक्साइड वापरले तर सुमारे ४ व्होल्ट मिळतात, हे त्यांनी १९८० मध्ये दाखवले. या पदार्थात अणूंचे थर असतात. लिथियमचे कण त्या थरांतून बाहेर पडतात आणि परत शिरतात, म्हणून बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज करता येते. स्टॅनली व्हिटिंगहॅम या ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या शास्त्रज्ञांच्या आधीच्या बॅटरीत दोन व्होल्टच्या थोडे वरच मिळत.

फायदा कोणाला?
विद्यापीठाने पेटंट घेतले नाही. ते हार्वेलच्या अणुऊर्जा संशोधन केंद्राकडे गेले. जपानात अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये वापरण्याजोगी बॅटरी तयार केली आणि १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे नोबेल मिळाले. पण गुडइनफ यांना त्या पेटंटचा पैसा मिळाला नाही, आणि पहिला कारखानाही ब्रिटनमध्ये उभा राहिला नाही.

भारताचा संबंध
कोबाल्ट मुख्यतः काँगोतून येते, आणि लिथियमसाठी भारत आयातीवर अवलंबून आहे. सोडियम मात्र साध्या मिठातही असते. सोडियमच्या बॅटरीवर काम करणारी फॅराडियन ही कंपनी २०११ मध्ये शेफील्डला सुरू झाली. डिसेंबर २०२१ अखेर रिलायन्सने १० कोटी पौंड मूल्य धरून ती विकत घेण्याचे जाहीर केले. या बॅटरीत तांब्याच्या पत्र्याऐवजी स्वस्त ॲल्युमिनियम चालते. मात्र तेवढ्याच वजनात ऊर्जा कमी साठते.

म्हणजे ब्रिटनमधले संशोधन या वेळी भारतीय कंपनीच्या हाती आले आहे. ते कारखान्यापर्यंत नेणे हे खरे काम. आपल्या मुलामुलींपैकी कोणी रसायनशास्त्र शिकत असेल, तर त्यांना ती पाटी दाखवताना ही हकीकतही सांगावी.